वॉरिकची आठ सेकंदांची बारी

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ब्रिस्बेनला येऊन पाच आठवडे झाले होते आणि ते कंटाळले होते. बोलून दाखवत नव्हते. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्याशी गप्पा मारणारा माणूस कंटाळलेलाच असणार. गोल्ड कोस्टचा समुद्र दाखवून झाला ("बरंय. अलिबागलाबी असंच पाणी हाय"), थीम पार्क झालं (बाकावर बसून राहिले), मॉल तर विचारूच नका.

अण्णा खेड तालुक्यातले. शेती केली, पण जीव बैलगाड्यात. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा पळवायचा, बारी, म्हणजे एकेक धाव, किती सेकंदांत बसली ते वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवायचं. मी डोंबिवलीची. लग्नाआधी मी बैल पाहिला तो बहुधा पोळ्याच्या ग्रीटिंग कार्डावर. नवऱ्यानं हा सगळा वारसा सोडून कॉम्प्युटर धरला, तो भाग वेगळा. त्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, "तुझे वडील बैलवाले ना? मग त्यांना समुद्र काय दाखवतोस, वॉरिकला ने." ऑक्टोबरच्या अखेरीस वॉरिकला कॅम्पड्राफ्ट आणि रोडिओ, म्हणजे गुरांचे आणि उधळत्या घोड्या-बैलांवर बसायचे खेळ, असतात. गाव स्वतःला 'रोझ अँड रोडिओ सिटी' म्हणवून घेतं. आम्ही चार दिवसांसाठी एक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, भाड्यानं घेतली आणि निघालो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि अण्णा.

गुरुवार

निघतानाच अण्णांचा हिरमोड झाला. त्यांची कल्पना अशी, की मागच्या घरात गादीवर आडवं व्हायचं आणि खिडकीतून देश बघत जायचं. पण धावत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसांनी बसायला इथं कायद्यानं बंदी आहे. "मग घर वढत न्यायचं आन आपण अंग चोरून फुडं बसायचं, व्हय?" असं म्हणून ते मागच्या सीटवर नातीशेजारी बसले.

ब्रिस्बेनहून वॉरिक दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. नुसती गाडी असती तर दोन तासांत पोचलो असतो. आम्हाला साडेतीन लागले, कारण नवरा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ओढत होता. अराटुला नावाच्या गावात सगळे थांबतात तसे आम्हीही थांबलो. अण्णा माळकरी, त्यामुळे बेकरीतल्या मांस भरलेल्या 'पाय' नावाच्या पेस्ट्रींच्या रांगेकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्यासाठी मी डब्यात थालीपीठ आणि दही आणलंच होतं. पुढं कनिंगहॅम्स गॅपचा घाट. ॲलन कनिंगहॅम हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८२७ मध्ये डोंगरापलीकडच्या डार्लिंग डाऊन्सच्या पठारावर पोचला. समुद्राच्या बाजूनं वर चढायची ही खिंड त्याला दुसऱ्या वर्षी सापडली. आपल्या खंडाळ्यासारखाच घाट, फक्त वडापाव नाही. खालच्या गियरमध्ये, मागं ट्रकची रांग लावून आम्ही चढलो. काच खाली केली तर झाडीतून टिंग, टिंग असा एकसारखा आवाज. बेलबर्ड पक्षी. लेकीला वाटलं, मागं कॅरॅव्हॅनमध्ये स्टीलची भांडी आपटताहेत. भांडीही आपटत होतीच, ते नंतर कळलं.

(पहिल्यांदा कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांसाठी: कपाटांची दारं खिट्टी लावून बंद करा आणि फ्रिजमध्ये दही उघड्या पातेल्यात ठेवू नका. जड सामान चाकांच्या जवळ, जमिनीलगत. मागच्या टोकाला वजन टाकलंत तर उतारावर कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते. यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाडीतला वॉकीटॉकी, असेल तर ट्रकवाले चाळीस नंबरच्या चॅनलवर असतात. मागचा ट्रक ओव्हरटेक करायला बघत असेल तर तो तिथं सांगतो, आणि जरा प्रेमानं सांगतो.)

घाट चढून वर आलो की एकदम सपाटी. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. उतरून त्यांनी रस्त्याकडेच्या नांगरलेल्या शेतातलं ढेकूळ उचललं, बोटांत फोडलं. "ही तर आपली काळी." त्यांचं खरंच होतं. इथली काळी जमीन बेसाल्टची, आपल्या दख्खनची काळीही बेसाल्टचीच. दहा वर्षं या देशात राहून मी हे कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

वॉरिकच्या शोग्राउंडवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. कॅरॅव्हॅन, घोड्यांचे ट्रेलर, ट्रक आणि कुत्री यांचं एक गावच वसलेलं. आमची जागा दोन कॅरॅव्हॅनच्या मधली, उलटं घालून लावायची. इथं नवऱ्याची परीक्षा सुरू झाली. कॅरॅव्हॅन मागं घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते, हे त्याला यूट्यूबवरून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. चार प्रयत्न झाले. खुर्च्या टाकून बसलेले आजूबाजूचे लोक बिअर घेऊन हा खेळ बघत होते. कॅरॅव्हॅन पार्कातली ही रोजची संध्याकाळची करमणूक असते म्हणे. पाचव्या वेळी मागचं चाक पाण्याच्या नळापासून वीतभर अंतरावर थांबलं आणि अण्णा खाली उतरले.

"ट्रॉली हाय समज. उसाची ट्रॉली. हात खाली धर, स्टेरिंगच्या खालच्या अंगाला. आता जिकडं ट्रॉली न्यायची तिकडं हात ने."

बस्स. एवढंच. मग अण्णा मागं उभे राहून "येऊं दे, येऊं दे, जरा तोड, बास!" असं खणखणीत मराठीत ओरडत होते आणि आमची कॅरॅव्हॅन लोण्यासारखी आत गेली. शेजारचे आजोबा उठून आले आणि त्यांनी अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. माझ्या नवऱ्याचा नाही. अण्णांचा.

हे आजोबा आणि त्यांची बायको व्हिक्टोरियातले निवृत्त गहू-शेतकरी. वर्षातले चार महिने कॅरॅव्हॅन घेऊन उबदार मुलखात फिरतात. अशा फिरत्या म्हाताऱ्यांना इथं 'ग्रे नोमॅड' म्हणतात. आजोबांच्या अंगात गडद निळा बिनबाह्यांचा बनियन. त्याला 'जॅकी हाऊ' म्हणतात, असं त्यांनी छाती ठोकून सांगितलं. जॅकी हाऊ हा मेंढ्यांची लोकर कापणारा गडी, जन्म याच वॉरिकच्या आसपासचा. १८९२ मध्ये त्यानं हातकात्रीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्यांची लोकर कापली. अण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग तेही सदरा काढून बंडीवर बसले. एक निळी बंडी, एक पांढरी, मधे लेक दुभाषी. मी आत पोहे फोडणीला टाकले.

शुक्रवार

रोडिओ आठवड्याच्या शेवटाकडे असतो, त्याआधीपासून कॅम्पड्राफ्ट चालू असतो. मला हा शब्दच माहीत नव्हता. आम्ही 'वेळ घालवायला' म्हणून सकाळी जाऊन बसलो आणि दुपारी दोनपर्यंत उठलो नाही.

कॅम्पड्राफ्ट ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा खेळ. एका लहान आवारात, म्हणजे 'कॅम्प'मध्ये, आठ-दहा गुरं सोडलेली. घोडेस्वार आत जातो, एक जनावर निवडतो आणि त्याला कळपापासून तोडतो. ते परत कळपात घुसायला बघतं, घोडा आडवा येतो. ते डावीकडे, घोडा डावीकडे. स्वाराचे हात जवळजवळ स्थिर, सगळं घोड्याच्या पायांत. दोन-तीनदा असं वळवून झालं की स्वार ओरडतो, "गेट!" फाटक उघडतं आणि जनावर मोकळ्या मैदानात सुसाट सुटतं. मग घोड्यानं त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याला दोन खुंटांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचं आणि शेवटी दोन खुंटांच्या मधून काढायचं. वेळ चाळीस सेकंद. कॅम्पमधल्या कामाला २६ गुण, घोड्याच्या कामाला ७० आणि फेरा पूर्ण केल्याचे अवघे ४. जनावर हाताबाहेर गेलं की परीक्षक चाबूक कडाडवतो. फाट्! तुम्ही बाद. शिट्टी नाही, भोंगा नाही.

बायका, पुरुष, पोरं, एका फेरीत तर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, सगळे एकाच खेळात, एकाच नियमानं. एक पंचविशीतली मुलगी कॅम्पमध्ये फार सुंदर खेळली. बाहेर आल्यावर तिचं जनावर सरळ कुंपणाकडे पळालं आणि चाबूक वाजला. तिनं घोड्याच्या मानेवर थोपटलं आणि शांतपणे निघून गेली.

अण्णा एक शब्द बोलत नव्हते. मला वाटलं आवडलं नाही. मग म्हणाले, "माझा बा असाच एक खोंड तोडायचा कळपातनं. घोडं न्हवतं, पायानं." थोड्या वेळानं, "सत्तर मार्क घोड्याला देत्यात. शाणी माणसं हायेत."

दुपारी चहाच्या स्टॉलवर गावातल्या बायका स्कोन, जॅम आणि साय विकत होत्या. इथं एक सूचना: शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण चैनही नाही. चिप्स, कणीस, स्कोन, चीजचं सँडविच. बाकी सगळीकडे स्टेक, सॉसेज आणि 'डॅगवूड डॉग' नावाचं प्रकरण, म्हणजे काडीला टोचलेलं, पिठात घोळून तळलेलं सॉसेज. आपला डबा बरोबर ठेवा. कॅरॅव्हॅनचा हाच तर फायदा, स्वयंपाकघर दोनशे पावलांवर.

संध्याकाळी आमची फजिती झाली. दिवसभर उकडत होतं, पश्चिमेला ढग हिरवट-काळे व्हायला लागले होते. शेजारच्या आजोबांनी आपली छत्री, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या कडेचं गुंडाळीचं ताडपत्रीसारखं छप्पर, केव्हाच मिटवली होती. "तुम्हीही मिटवा," असं ते म्हणालेही. नवरा म्हणाला, "कॉफी संपवून." कॉफी संपायच्या आत वारा आला. छप्पर एका बाजूनं पतंगासारखं वर उडालं, एक दांडी वाकली, आणि मग गारा. लिंबाएवढ्या म्हणणार नाही, बोरांएवढ्या नक्की. पत्र्यावर असा आवाज की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. लेक रडायला लागली. अण्णा तिला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हणत बसले, मोठ्यानं, गारांच्या वर आवाज काढून. वीस मिनिटांनी सगळं शांत. बाहेर गवतावर गारांचा सडा आणि नवरा भिजलेल्या कोंबडीसारखा दांडी धरून उभा.

(छप्पर रात्री आणि घर सोडून जाताना नेहमी मिटवायचं. वाकलेल्या दांडीचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून गेले. ऑक्टोबर हा या भागात वादळांचा मोसम आहे. हवामान खात्याचं रडार फोनवर उघडं ठेवा. आणि अनुभवी शेजारी काही सांगत असेल तर कॉफी तशीच टाकून उठा.)

रात्री आजींनी शेकोटीच्या निखाऱ्यात भाजलेला डॅम्पर आणून दिला. मैद्याची जाडजूड भाकरीच ती, वरून काकवीसारखा गोल्डन सिरप. अण्णांनी तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला. आजोबांनीही तसाच खाऊन पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुन्हा मागितला.

शनिवार

सकाळी गावात चक्कर. जॅकरांडा फुललेले, जुन्या इमारती मधाच्या रंगाच्या वालुकाश्माच्या. रेल्वे स्टेशन बघायलाच हवं, आणि ते एका अंड्यासाठी. २९ नोव्हेंबर १९१७ ला पंतप्रधान बिली ह्यूज इथं सक्तीच्या लष्करभरतीच्या बाजूनं भाषण करायला उतरले आणि गर्दीतून कुणीतरी त्यांना अंडं फेकून मारलं. त्यांची टोपी उडाली. स्थानिक पोलिसांनी आरोपीला केंद्राच्या कायद्याखाली पकडायला नकार दिला, म्हणून चिडलेल्या पंतप्रधानांनी देशाचं स्वतंत्र पोलीस दलच उभं केलं. नवऱ्यानं हे सांगितल्यावर अण्णा खुदकन हसले. "टमाटं असतं तर काय केलं असतं?"

दुपारी रोडिओ. जागेबद्दल एक सांगते, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं: पश्चिमेकडे पाठ करून बसा. आम्ही समोर बसलो आणि सूर्य बुडेपर्यंत डोळ्यांवर हात धरून बैल बघितले. टोपी सगळेच घालतात, तीही मोठ्या काठाची. आमची बेसबॉल टोपी बघून पुढच्या बाकावरची एक बाई माझ्या लेकीला म्हणाली, "अगं, हिच्यानं कान भाजतील." लहान मुलांसाठी कानात घालायला काहीतरी न्या, लाऊडस्पीकर भयंकर असतो. आणि सूर्य गेला की जाकीट हवंच. वॉरिक पठारावर आहे, रात्री गारठतं.

सुरुवातीला एक मुलगी राष्ट्रध्वज घेऊन घोड्यावरून दौडत एक फेरी मारून गेली. सगळे टोपी काढून उभे. अण्णांनीही टोपी काढली. ते गांधी टोपी घालून आले होते. मागच्या पोरांनी त्यांच्याबरोबर दोन सेल्फी काढले.

आधी घोडे. बेअरबॅक म्हणजे खोगीर नाही, नुसती चामडी मूठ. मग सॅडल ब्रॉंक, खोगीर आणि लगामाच्या जागी एक जाड दोर. पहिल्या उडीला स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असल्या पाहिजेत, नाहीतर बाद. दोन 'पिकअप'वाले घोड्यांवर तयार असतात. भोंगा वाजला की ते उधळलेल्या घोड्याच्या दोन्ही बाजूंनी येतात आणि स्वार त्यांच्या कमरेला मिठी मारून उतरतो. ते काम मला सगळ्यात अवघड वाटलं आणि त्याला टाळ्या सगळ्यात कमी.

बॅरल रेसिंग बायकांचं. तीन पिंपं, त्यांना तिपानी वळणं घालत घोडा पळवायचा, पिंप पडलं तर पाच सेकंदांचा दंड. माझी लेक तेव्हापासून घोडा मागते आहे.

मग वासराला दोर टाकायची स्पर्धा आली. घोडेस्वार पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकतो, उडी मारून उतरतो, वासराला उचलून आडवं पाडतो आणि तीन पाय बांधतो. काही सेकंदांचं काम. पहिल्याच वासरानं दोर ताणल्यावर जो आवाज काढला, तो मला नको होता. अण्णा म्हणाले, "जरा जाऊन येतो." अर्धा तास आले नाहीत. मी शोधायला गेले तर ते घोड्यांच्या ट्रेलरपाशी उभे. म्हणाले, "बैल मोठा हाय, त्यो उलटं मारतो. वासरू काय करनार?"

रोडिओला इथंही विरोध आहे. आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था विरोधात आहे, आणि राजधानी कॅनबेरा ज्या प्रदेशात येते तिथं रोडिओवर बंदीच आहे. आपल्याकडचं अण्णांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा चालू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं अण्णांची जोडी गोठ्यात बसून खात होती. त्यातल्या हिराचं घाटात पळायचं सगळं वय तिथंच गेलं. "इकायला जीव होईना," एवढंच ते म्हणतात. एक कबुली देऊन टाकते. मी तेव्हा बंदीच्या बाजूनं होते, ऑनलाइन अर्जावर सहीसुद्धा केली होती. माझं लग्न २०१५ चं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज सही करेन का, हे मला त्या ट्रेलरपाशी उभं राहूनही ठरवता आलं नाही. वासराच्या बाबतीत करेन.

दिवे लागले आणि बैल आले.

आम्ही बसलो होतो तिथून ते पत्र्याचे कप्पे, शूट म्हणतात त्यांना, दहा-बारा मीटरवर. पहिला स्वार एकोणीस-वीस वर्षांचा, चेहरा पांढराफटक. बैलाच्या छातीभोवती सपाट विणलेला दोर, खाली एक जाड घंटा. पोरगा हातमोज्यानं दोराला राळ चोळत होता, वरखाली, वरखाली, राळ तापून चिकट होईपर्यंत. मग मुठीत दोर घेऊन त्यानं दुसऱ्या हातानं मुठीवर बुक्क्या मारून ती आवळली. बैल आत पत्र्यावर अंग घासत होता, घंटा बारीक वाजत होती. पोरानं हनुवटी छातीला लावली आणि मान हलवली. फक्त एकदा. फाटक उघडलं.

आठ सेकंद बसायचं, एक हात मोकळा, तो कुठंही लागता कामा नये. तो पोरगा तिसऱ्या सेकंदाला जमिनीवर होता. बैल त्याच्याकडे वळायच्या आत दोन माणसं मधे घुसली. पूर्वी यांना विदूषक म्हणत, आता त्यांचं काम बैल आणि पडलेला माणूस यांच्यामध्ये स्वतः उभं राहणं एवढंच. बैलानं एकाला कुंपणावर चढवलं, मोठा चक्कर मारला आणि स्वतःच्या मनानं परतीच्या दारातून निघून गेला, ऑफिस सुटल्यासारखा.

"घंटा कशाला?" अण्णांनी विचारलं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं: स्वार सुटला की घंटेच्या वजनानं दोर खाली घसरून पडतो. "आन ते मागचं दावं?" ते फ्लँक रोप, कमरेभोवती, मागच्या पायांच्या पुढं. त्यामुळे बैल मागच्या लाथा उंच झाडतो. लोकांना वाटतं ते भलत्या जागी बांधतात, तसं नाही. अण्णांनी दुर्बीण मागून घेतली आणि पुढचे दोन बैल फक्त तेवढंच बघितलं. "कमरंला दावं आवळलं की कुनीबी लाथा झाडनार," असा त्यांचा निकाल. पण जागा बरोबर आहे, हे मान्य केलं.

मग गुणांचं कळलं. एकूण शंभर, त्यातले निम्मे माणसाला आणि निम्मे बैलाला. बैल नीट उडाला नाही तर माणसाला दुसरा बैल मागायची मुभा. अण्णा सरसावून बसले. नातीकडून स्केचपेन घेतलं, माझ्या हातातली कार्यक्रमपत्रिका घेतली. त्यानंतर त्यांनी माणसांकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. "हा डावीकडंच फिरतोय." "याचं मागचं हलकं हाय." "ह्यो बघ, ह्यो बघ!" हे उभं राहून. त्या बैलानं हवेतच अंग पिळलं, पोट आभाळाकडे, आणि वरचा स्वार तरीही टिकला. भोंगा वाजला. सगळं मैदान उभं राहिलं, टोप्या उडाल्या, आणि त्या आवाजात माझ्या शेजारून एक आवाज आला जो वॉरिकनं याआधी ऐकला नसावा.

"भिर्रर्रर्रर्र!"

पुढच्या बाकावरची बाई वळली, क्षणभर बघत राहिली आणि तिनंही हात वर करून तसंच काहीतरी केलं.

परतताना स्टेकच्या टपऱ्यांवर रांगा होत्या. धूर, वास. अण्णांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

रविवार

आवराआवर. रासायनिक संडासाची टाकी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची असते. रविवारी सकाळी तिथं सगळ्यांचीच रांग, म्हणून सहाला उठा. हे काम नवऱ्याला दिलं, शुक्रवारच्या कॉफीबद्दल.

अण्णा आणि लेक गुरांच्या आवारांकडे फिरायला गेले, मी मागून. गज असलेल्या कुंपणापलीकडे रात्रीचे बैल सुकं गवत खात उभे होते. इतके शांत, की हेच ते का असं वाटावं. पाणी भरणारा एक मुलगा होता. अण्णा एका तांबूस बैलाकडे बोट दाखवून काही सांगत होते, लेक भाषांतर करत होती: "माय ग्रँडफादर सेज, लेफ्ट फूट, बॅक." मुलानं नळ बंद केला, वाकून बघितलं. बैलानं दोन पावलं टाकली. डावा मागचा पाय जरा जपून. मुलगा म्हणाला, हो, काल रात्री बघितलंय, घरी नेऊन खूर तासायचा आहे. मग त्यानं अण्णांना विचारलं, तुमच्याकडे किती आहेत? अण्णांनी दोन बोटं दाखवली. मुलगा हसला नाही. "गुड वन्स?" "लय गुड," अण्णा म्हणाले.

कॅम्पड्राफ्टच्या शेवटच्या काही फेऱ्या बघून आम्ही निघालो. आजोबांनी निळा जॅकी हाऊ बनियन भेट दिला, नवीन, पाकिटातला. आम्ही ठेच्याची बाटली दिली आणि चमच्याच्या टोकावर किती घ्यायचा ते तीनदा दाखवलं. उतारावर घाटात खालचा गियर आधीच टाकून ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापतात.

अराटुलाला रेंज आली तसा अण्णांनी गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. धाकटे चुलतसासरे गोठ्यात होते. "आरं, बारी आठ सेकंदाची. पन उलटी. आपल्यात बैल लवकर पोचला पायजे, हितं माणूस उशिरा पडला पायजे." पलीकडून प्रश्न आला, भंडारा उधळतात का. "न्हाय. टोप्या उडवत्यात. पुन्हा ज्याच्या त्याला कशा मिळत्यात काय की."

सोमवारी कॅरॅव्हॅन परत करायच्या आधी मी आत झाडू मारत होते, तेव्हा गादीखाली ती कार्यक्रमपत्रिका सापडली. मागच्या कोऱ्या पानावर जांभळ्या स्केचपेननं दोन रकाने आखलेले: बैल आणि माणूस. बैलाच्या रकान्यात खालपर्यंत आकडे, पन्नासपैकी. माणसाचा रकाना पूर्ण रिकामा. पैकीच्या पैकी कुणालाच नाहीत. सगळ्यात जास्त त्रेचाळीस, आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात, 'शिंग चांगलं'.